लिंबू, काकडी आणि सातवा आठवडा

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरात अडाणीपणा शिरत नाही, अशी नव्वदच्या दशकात माझी ठाम समजूत होती. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या बाळाच्या बारशाला, कोल्हापुरात आमच्याच सोप्यात, तिच्या कागलच्या सासूबाईंनी तोंड उघडलं तेव्हा मला मनातून आनंदच झाला. आता यांना शिकवतो, म्हटलं.

बाळाचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "दिवाळीच्या गिराणात हिनं लिंबू कापलं. सांगूनबी ऐकलं न्हाय. पोराचं त्वांड हिनंच फाडलं."

बहीण पाळण्याची दोरी धरून रडत होती. बारशाला आलेल्या शहाण्या बायका माना डोलवत होत्या. त्यातल्या दोघींची पोरं माझ्याच वर्गात शिकून पास झाली होती.

मी खडूशिवाय तास घेतला. ओठाच्या कडा सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतात, या वेळी जुळल्या नाहीत, एवढंच. कुणाला शिक्षा द्यायची म्हणून नव्हे. गर्भाला असले उद्योग नसतात. ग्रहण आलं तेव्हा हिला पाचवा महिना होता. आधीच फाटलेलं नंतर कापलेल्या लिंबानं कसं फाटेल? डॉक्टर ओठ शिवून देतात, हेही सांगितलं.

सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. चला, डोक्यात उजेड पडला, असं मला वाटलं.

"म्हंजी दुसऱ्या म्हैन्यात झालं म्हणा की! तवा पंचमीला ही हितंच आलती. पंचमीला विळी धरायची नसती, पावणं. तुमच्यात धरली काय?"

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. नागपंचमीला काही चिरायचं नाही, या रिवाजाची टर उडवायला त्या दिवशी मीच तिला काकडी चिरायला लावली होती. ती नको नको म्हणत होती. शेवटी तिनं चिरली आणि मी मिटक्या मारत खाल्ली.

"न्हाय," ती सासूला म्हणाली, "हितं कायबी चिरलं न्हाय. लिंबूच कापलं मी. माझंच चुकलं."

मी तिथंच खरं काय ते सांगायला हवं होतं. पण मी, जीवशास्त्राचा प्राध्यापक, खाली मान घालून बोटांवर आठवडे मोजत होतो. पंचमी सातव्यात पडत होती.