हजेरीच्या वहीतला ताप

सत्तावन्न सालचा ज्येष्ठ, सोमवार, सकाळचे नऊ. वसईच्या दवाखान्यात आम्ही तिघे होतो: माझी पत्नी सुमती, मी आणि आमच्या सांडोरच्या केळीच्या बागेत कामाला येणारी जनाबाई. सुमतीला शुक्रवारपासून ताप होता, आता एकशे चार. डॉक्टर छाती तपासून म्हणाले, "इन्फ्लुएंझा. त्यातून न्यूमोनिया झालाय." पहिला म्हणजे साथीचा ताप, दुसरा म्हणजे फुफ्फुसाला सूज. दुसऱ्याने माणूस दगावतो, हेही त्यांनी लपवले नाही.

"गावात ताप कधीपासून आहे?"

"दुसऱ्या कोणालाच नाही," मी सांगितले.

जनाबाई म्हणाली, "भाऊ, तुमच्याच वहीत हाय तो. बघा की."

हजेरीची वही मीच लिहितो. दुपारी ती डॉक्टरांपुढे ठेवली. आठ माणसांत गेल्या बुधवारी एक खाडा, गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, शनिवारी पाच. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'आळस', 'लग्नाचे जेवण'. सगळे तापाने पडले होते. मी विचारलेच नव्हते. जनाबाईचा एकही खाडा नव्हता. तो लागू नये म्हणून गेल्या आठवड्यात सोमवार ते बुधवार ती ताप घेऊन आली आणि आमच्या ओटीवर सुमतीजवळ बसून चहा प्यायली.

डॉक्टर म्हणाले, "ही वही गुरुवारी दिसती, तर तुमच्या पत्नीला शुक्रवारीच आणायला सांगितलं असतं."

त्यांनी लगेच तालुक्याला कळवले, शेजारच्या बागांच्या हजेऱ्या मागवल्या. एका वाडीत खाडे दोनच होते. तिथले आजारी वेळीच वेगळे निजवले.

सुमतीला रोज पेनिसिलिनची सुई. मी ताप लिहीत राहिलो: एकशे चार, एकशे तीन, पुन्हा एकशे चार. सहाव्या दिवशी नव्व्याण्णव. ती म्हणाली, "आता वही मिटा आणि पेज द्या."

आता खाडा दिसला की आधी माणूस पाठवून ताप विचारतो. आठवड्यात दोन घरी निघाला तर डॉक्टरांना चिठ्ठी जाते. ज्यांच्या हाती हजेरी आहे, बागेची असो की शाळेची, त्यांनी एवढे करावेच.

सुमती घरी आल्यावर 'आळस' खोडून 'ताप' लिहिले. अकरा खाड्यांचे, बारा आण्यांप्रमाणे, सव्वाआठ रुपये वाटले. जनाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "म्हंजे निजली त्यांना पैसं, आन् तापात पानी शेंदलं तिला काय?"

"बरोबर बोलते ती," सुमती आतून म्हणाली.

तिचे तीन दिवस पुन्हा धरले. एकूण दिले साडेदहा रुपये; त्यातले सव्वादोन जनाबाईला.