शाळेचं जू

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकणार नाही. अहमदपूरच्या आमच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवतेय आणि गेली आठ वर्षं मुख्याध्यापिका आहे. माझ्या चपलेचा आवाज व्हरांड्यात आला की वर्ग आपोआप गप्प होतो. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, लई गर्व होता.

पोरांनी मला एक नाव ठेवलं होतं. जर्मनीतल्या त्या आखूड मिशीवाल्या हुकूमशहाचं. कोणतं ते तुम्हाला कळलंच असेल. मी ते इथं लिहीत नाही, आणि का ते पुढं येईलच. आमच्याकडं कडक मास्तर म्हटलं की हेच नाव ठेवतात. गॅदरिंगला फिशपाँड असतात, म्हणजे पोरं चिठ्ठीवर कुणाच्याही नावे टोमणा लिहून डब्यात टाकतात आणि सूत्रसंचालक तो माइकवरून वाचतो. माझ्या वाटची चिठ्ठी दरवर्षी तीच! नाव वाचलं की मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. मी उठायची, कमरेवर हात ठेवून डोळे वटारायची, की अजून शिट्ट्या. एका वर्षी तर दहावीच्या पोरींनी मला काजळानं मिशी रंगवली, आणि मी हौसेनं रंगवून घेतली.

सात वर्षांपूर्वी शाळेत विज्ञानाला नवीन बाई आल्या. नवरा पाटबंधारे खात्यात, त्याची बदली झाली म्हणून इकडं आलेल्या. मूळच्या अलिबागकडच्या. आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध. आमच्या शिपाई मामांनी पहिल्याच दिवशी चहा ठेवता ठेवता विचारलं, “बाई, तुम्ही कोण?” मराठवाड्यात हा प्रश्न फार आडून विचारत नाहीत.

“मी ज्यू आहे,” बाई म्हणाल्या.

मामांनी कप जागीच धरला. “जू? बैलाच्या मानेवर असतंय त्ये?”

स्टाफरूम फुटली हसून. मी सगळ्यात जास्त हसले. आणि बाई? त्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, “हो मामा, तसंच समजा.” त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

त्यांच्याबद्दल आम्ही नाही नाही ते समज करून घेतले होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई घरी जाऊन चूल पेटवत नाहीत, शुक्रवारीच सगळं रांधून ठेवतात, हे कळल्यावर मामांनी जाहीर केलं की बाईंचं मारुतीचं लई कडक आहे. दोन महिने ते दर शनिवारी त्यांच्या टेबलावर रुईच्या पानांची माळ आणून ठेवत. बाईंनी ती निमूटपणे खिडकीला अडकवली. शेवटी त्यांनीच सगळं समजावून सांगितलं आणि घरून मलिदा करून आणला, पोह्यांचा, नारळ-साखर घातलेला. मामा तीन वाट्या खाऊन म्हणाले, “देव कोणता का असंना, परसाद एक नंबर हाय.”

तर अशा या बाई. सहा वर्षांत आजारी म्हणून कधी घरी बसल्या नाहीत. फक्त गॅदरिंगच्या दिवशी दरवर्षी त्यांची किरकोळ रजा असायची. कधी डोकं दुखतंय, कधी पाहुणे. मी सही करून मोकळी व्हायची. इतिहास शिकवणाऱ्या बाईला साधं हे दिसू नये, की एक माणूस सहा वर्षं एकाच दिवशी कसा आजारी पडतो!

गेल्या वर्षी त्यांचा नवरा रिटायर होणार होता आणि दोघं अलिबागला परत जाणार होते. मी ठरवलं, गॅदरिंगमध्येच बाईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. तर बाई म्हणाल्या, “नको. मी त्या दिवशी रजेवर आहे.”

माझं टाळकं फिरलं. सहा वर्षं माझ्या हातचा चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला आणि माझ्या हातची शाल नको? संध्याकाळी मी तडक त्यांच्या घरी गेले. दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरपी डबी होती, ती बेल समजून मी तीनदा दाबली. आत कुणाला ऐकू जाईना. मग कळलं की ती बेल नाही, त्यांच्या धर्माची पवित्र वस्तू आहे. बाईंनी दार उघडलं तेव्हा माझा अंगठा अजून डबीवरच.

शुक्रवार होता. छताला टांगलेल्या काचेच्या पेल्यात तेलावर वात जळत होती. मी बसायच्या आधीच तोंड सोडलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बाई, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही ज्या नावावर टाळ्या घेता ना, ते मला ऐकवत नाही.”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी उलट भांडले. “अहो, मस्करीत म्हणतात पोरं! कडक आहे म्हणून म्हणतात. त्यात तुमचा काय संबंध?”

“आमच्या कोकणात आम्हाला कधी कुणी बोट लावलं नाही,” बाई म्हणाल्या. “तेल गाळणारी माणसं आम्ही. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, इतकंच. पण तिकडं जी मारली, ती अशीच शुक्रवारी दिवा लावणारी माणसं होती, पोरंबाळांसकट. त्यांना मारणाऱ्याच्या नावानं आपल्या शाळेत शिट्ट्या वाजतात, आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण उठून डोळे वटारून दाखवते. मी कुठं बघू?”

मग त्यांनी हळूच विचारलं, “पीटीच्या सरांशी तुम्ही तीन महिने का बोलला नव्हतात?”

ते मला पक्कं ठाऊक होतं. सरांनी स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मळक्या शर्टावरून बोलताना आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं होतं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ते नाव मागं टाकलं. मी टेबलावर हात आपटून उभी राहिले होते. “मस्करीत म्हणलो, मॅडम,” सर म्हणाले. आणि मी म्हणाले होते, “मस्करी तुमची, जात आमची.”

“तेव्हा मी तुमच्या शेजारीच बसले होते,” बाई म्हणाल्या. बस. एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच रडले, आणि मला रडताना बघून त्याच मला पाणी आणून द्यायला लागल्या! निघताना मी म्हणाले, “यंदा तुम्ही गॅदरिंगला यायचं. ते नाव मंडपात निघणार नाही. माझा शब्द.” बाई म्हणाल्या, “तुमचा शब्द असेल तर येते.”

सोमवारी मी दहावीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर ते नाव लिहिलं. “म्हणजे काय?”

“शिस्त, बाई!”

“कडक माणूस!”

मागच्या बाकावरून एक पोरगी खुदकन हसून म्हणाली, “तुम्ही, बाई!”

आणि तिचं काय चुकलं? सव्वीस वर्षं मी महायुद्धाची कारणं शिकवली, पाच मुद्दे, पाच मार्क. मेलं कोण, हे कधी विचारलं नाही, सांगितलं नाही. मी खडू ठेवला. “मुदखेडच्या रेल्वे यार्डात मालगाडीचे बंद डबे बघितलेत ना?” सगळ्यांनी बघितले होते. “त्यात माणसं कोंबली होती. तुमच्याएवढ्या पोरी. कशामुळं? तर विज्ञानाच्या बाईंचा जो धर्म आहे, त्यात जन्मल्या म्हणून. आधी त्यांच्यावर निस्ते विनोद व्हायचे. मग दुकानांवर बहिष्कार. मग शाळा बंद. डबे सगळ्यात शेवटी आले.” तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग ती मागच्या बाकावरची पोरगी उठली, फळ्यापाशी आली आणि डस्टरनं नाव पुसून जाग्यावर जाऊन बसली.

पंधरा दिवस मी एकेक वर्ग घेतला. पोरांचा प्रश्न मिटला. पोरं शहाणी असतात, त्यांना सांगावं लागतं, एवढंच.

गॅदरिंगचा दिवस. बाई पहिल्या रांगेत, गुलबक्षी साडीत. फिशपाँडचा डबा मी स्वतः बघितला होता. सत्कार व्हायच्या आधी संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पिकलेला माणूस, शंभर एकराचा शेतकरी, मनानं चांगला. यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आपल्या शाळंचा निकाल जिल्ह्यात गाजतोय, कशामुळं?” त्यांनी हात माझ्याकडं केला. “ह्या बाईंमुळं! आमच्या बाई म्हंजे बाई न्हाई, निस्त्या...” आणि माइकवरून, खणखणीत, ते नाव.

शिट्टी वाजली नाही. पोरं एकदम चिडीचूप. फक्त मागं उभे असलेले पालक टाळ्या वाजवायला लागले आणि पुढं कुणी वाजवत नाही बघून थांबले. बाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी दिलेला शब्द मंडपात दोन तासही टिकला नव्हता.

अध्यक्षांचं बोलणं मधेच तोडायचं म्हणजे काय, हे संस्थेत नोकरी केलेल्यालाच कळेल. पण भीती आणि राग यात माझा राग पुढं असतो. मी माइकपाशी गेले.

“अध्यक्षसाहेब, माफ करा. तुम्ही कौतुकानं बोललात. पण हे नाव मी आजपासून परत करतेय. सहा वर्षं माझ्या मैत्रिणीसमोर मी ते मिरवलं. ज्या माणसानं तिच्या लोकांना नुसतं ज्यू म्हणून लाखांनी मारलं, त्याचं नाव मी हसत हसत लावून घेतलं. माझ्या जातीवरून कुणी मस्करी केली तर मी घर डोक्यावर घेते, आणि इथं मीच मिशी रंगवून उभी. चूक पोरांची नाही, साहेबांची नाही, इतिहासाच्या बाईची आहे. विज्ञानाच्या बाई, सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.”

अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आता नोकरी जाते की काय, असं वाटलं मला. मग ते माइकमध्ये वाकून म्हणाले, “बाई, आईची आण, मला ह्ये ठाऊक न्हवतं. माफी माझी बी.” आणि अगदी काकुळतीला येऊन, “पण मग आता तुम्हाला म्हणायचं काय?”

सगळ्यात आधी मामा हसले. मग पोरं. आणि पहिल्या रांगेतून विज्ञानाच्या बाई उठल्या, पायऱ्या चढून वर आल्या, माझ्या हातातला माइक घेतला.

“जू म्हणा,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी मामांनी मला हे नाव दिलं होतं. मी आता चाललेय, तर ते ह्या बाईंना देऊन जाते. ह्या आपल्या शाळेचं जू आहेत. सहा वर्षं माझी मान दुखली, पण एकही तास वाकडा गेला नाही.”

शेतात नांगरानं पाडलेला तास आणि शाळेचा तास दोन्ही ज्याला कळतात, तोच आमच्या गावचा. अध्यक्ष तर खुर्चीत मागं रेलून हसले. “तास वाकडा गेला न्हाई! काय बोलल्या बाई!” अशा शिट्ट्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. फेटा बांधला तेव्हा बाई रडत होत्या आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त.

अध्यक्षांनी ही गोष्ट मनावर घेतली. मार्केट यार्डातल्या एका सभेत कुणी पुढाऱ्याला कौतुकानं ते नाव लावलं, तर हे मधेच उठले म्हणं, “आपल्याकडं ते चालत न्हाई, बसा.” मलाही नांदेडला विष्णुपुरीकडं आणि लातूरला इतिहासाच्या शिक्षकांसमोर बोलायला बोलावलं. नांदेडच्या हॉलमध्ये मी विचारलं, “कुणाकुणाला पोरांनी ते नाव ठेवलंय? हात वर करा.” अर्धा हॉल हात वर! काय तो रुबाब चेहऱ्यावर. तासाभरानं पुन्हा विचारलं, तर एकही हात वर आला नाही, फक्त एक सर म्हणाले, “मॅडम, आमच्यासाठी बी एखादं जू बघा.”

बाई आता अलिबागला असतात. शुक्रवारी दिवा लावायच्या आधी त्यांचा फोन येतो, मग मी स्वयंपाकाला लागते. इकडं पोरं मला जू बाई म्हणतात. घरी जाऊन सांगतात, ऐकणाऱ्याला नीट ऐकू येत नाही, आणि पुढचं तुम्हीच समजा.

परवा एसटी स्टँडवर एका पालकानं मला गाठलं. हातातली पिशवी खाली ठेवली, जवळ आला आणि आवाज बारीक करून विचारलं, “बाई, एक विचारू का? तुम्ही ज्यू हायेत म्हणं?”

मी तोंड उघडलं, सगळं समजावून सांगायला. मग म्हटलं, राहू दे.

“हाव,” मी म्हणाले. “काही अडचण?”