उंच, हळू, मधोमध

परवा एक गिऱ्हाईक रॅकेट गटिंगला, म्हणजे नव्या तारा ओढायला, टाकून गेलं आणि जाता जाता म्हणालं, काका, डबल्सची एखादी ट्रिक सांगा की. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. त्याला काय ठाऊक, मी केवढा मोठा ट्रिकवाला आहे ते.

बसा, चहा येऊ द्या. माझी अशी फजिती झालेली आहे की ऐकून तुम्ही हसाल, आणि मग हसल्याची तुम्हालाच लाज वाटेल. ते तुमचं तुम्ही बघा.

मी चौथी पास. ते पण मास्तर कंटाळले म्हणून. सुलतान बाजारात खेळाच्या सामानाचं दुकान आहे, लोकांच्या रॅकेटच्या तारा ओढता ओढता म्हातारा झालो. विद्यानगरच्या बाजूला आमचा टेनिसचा क्लब. क्लब म्हणजे काय, मातीची दोन कोर्टं, एक पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये एक लाकडी बोर्ड. दरवर्षी डबल्सची टूर्नामेंट जी जोडी जिंकते, तिची नावं पेंटर त्या बोर्डावर रंगवतो. सगळ्यांची नावं आहेत तिथं. प्रोफेसर आहेत, बँकवाले आहेत. एकाला तर बॅकहँड कुठल्या बाजूनं मारतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्याचंही आहे. फक्त माझं आणि यादगिरीचं नव्हतं.

यादगिरी माझा पार्टनर. नल्लकुंट्यात राहायचा, बस डेपोत मेकॅनिक होता. माणूस तेलुगू, पण माझ्याशी आपली दख्खनी हिंदी बोलायचा. बायको गेलेली, मुलगा परदेशात. चेंडू आम्हा दोघांच्या मधून गेला की मी लगेच ओरडायचो, "यादगिरी, तेरा था वो." माझा असला तरी. डबल्समध्ये जो आधी ओरडतो तो निर्दोष. ही माझी पहिली ट्रिक, लिहून घ्या.

तर या यादगिरीच्या पोटात तो रोग निघाला. नाव घेत नाही, तुम्हाला कळलं. दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि एखाद्या बसचं इंजिन बसलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. मी शिव्या दिल्या. डॉक्टरला दिल्या, त्याच्या तंबाखूला दिल्या, त्याला दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

"किसकू नक्को बोल," म्हणाला. "क्लब में तो बिल्कुल नक्को."

"कायकू?"

"बोले तो सब लोगां हल्लू मारते. मेरेकू हल्लू बॉल नक्को. बोर्ड पे नाम होना, मगर जोर के बॉल खा के होना."

मी आईची शपथ घेतली. ती कधीच वर गेली आहे, तिचं काय बिघडतंय.

पण नुसती शपथ घेऊन गप्प बसणारा मी नाही. तिरुपतीला गेलो आणि डोकं भादरून आलो. नवस बोलायचा आणि काम झाल्यावर फेडायचा, अशी लोकांची पद्धत. मी केस आगाऊच देऊन टाकले. म्हणलं, बाबा रे, माझे केस घे आणि त्याचं पोट सोड.

परत आलो तर क्लबचे सेक्रेटरी रेड्डीसाहेब, रिटायर्ड प्रोफेसर, फाटकातच उभे.

"क्या जी, तिरुपति जा के आए?"

आता हो म्हणलं असतं तर पुढं विचारणार, कशासाठी? नवस सांगू नये, आणि शपथ पण होती. "नै," म्हणलो, "ऐसाच. गर्मी हो रही थी."

डिसेंबरचा महिना. रेड्डीसाहेब अंगात स्वेटर घालून उभे. माझ्या डोक्याकडं बघत राहिले.

त्याच आठवड्यात दवाखाना. यादगिरीला ड्रिप लावायची होती. तो संडासला गेला, मी त्याची फाइल मांडीवर धरून, डोक्याला टोपी घालून बाकावर बसलो. समोरून कोण यावं? अनिकेत. हा पुण्याचा, कंप्युटरवाला, आमच्या क्लबात सगळ्यात जोरात सर्व्हिस करणारा. कुणा नातेवाइकाला बघायला आला होता. मला बघितलं, टोपी बघितली, फाइल बघितली, वर दाराची पाटी बघितली. तोंड पांढरं पडलं त्याचं.

"काका... तुम्ही?"

मला यादगिरीची भीती. आता बाहेर येईल आणि सगळं उघडं पडेल. म्हणून म्हणलो, "हे बघ, मला इथं बघितलंस ते कुणाला बोलायचं नाही. तुला तुझ्या आईची शप्पथ."

"नाही काका. कुणाला नाही." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी म्हणलं, पुण्याचा आहे पण मनानं चांगला आहे.

आता पुढं काय झालं ते मला तेव्हा जसं दिसलं तसंच सांगतो.

मी जिंकायला लागलो.

माझी एक जुनी ट्रिक आहे. उंच, हळू, मधोमध. चेंडू जोरात मारायचाच नाही. वर चढवायचा, दोघांच्या मधे टाकायचा, आणि ते दोघं एकमेकांकडं बघत राहतात. इतकी वर्षं लोक त्या चेंडूवर उडी मारून माझ्याच छातीत हाणायचे. आता कुणी हाणेना. प्रोफेसर काय, बँकवाले काय, माझा चेंडू आला की नुसता परत ढकलायचे, तो पण माझ्या हातात. मी म्हणलं, झालं. शेवटी डाव पिकला.

अनिकेत माझ्याकडं सर्व्हिस करताना चेंडू असा टाकायचा जसा कुणी देवाला फूल वाहतंय. मी कोपऱ्यात मारलं की म्हणायचा, "सुंदर, काका."

मग मी शेडमध्ये शिकवायलाच बसलो. पहिली खुर्ची मला. पाण्याची बाटली कुणीतरी उघडून देणार. मी सांगायचो, सर्व्हिस हळू टाका पण आत टाका, म्हाताऱ्यानं नेटला चिकटू नये, समोरच्या जोडीत कमजोर कोण ते बघा आणि सगळे चेंडू त्याच्यावर घाला. सगळे मान खाली घालून ऐकायचे. एकदा तर अनिकेत ऐकता ऐकता उठून नळावर तोंड धुवायला गेला. मला वाटलं, माझ्या शिकवण्यात काहीतरी आहे.

घरी पपईच्या पानांचा रस यायला लागला. अनिकेतची बायको मऊ खिचडीचा डबा पाठवायची. आमची बायको डबा हातात घेऊन उभी राहिली.

"पुण्याची माणसं फुकट डबा देतात व्हय? काहीतरी हाय ह्यात."

"गुरुदक्षिणा आहे ती," मी म्हणलो. "तुला नाही कळायचं."

आणि यादगिरी? त्याच्यावर तोफा चालू होत्या. मला कुणी मारत नाही म्हणल्यावर सगळा मार त्याच्याकडं. अनिकेतची सर्व्हिस त्याच्या बरगडीत बसायची. यादगिरीचं डोकं पहिल्यापासून कॅरम बोर्डासारखं गुळगुळीत, औषधानं गळायला तिथं होतंच काय. बारीक झाला होता, पण रोज त्यालाच बघणाऱ्याला ते कुठं कळतं. म्हातारा धावतोय, पडतोय, उठतोय. आणि मला माहीत होतं ना त्याला काय झालंय ते. एकट्या मला माहीत होतं. तरी मी काय म्हणलो, ऐका.

"सब तेरेकूच मार रहे, देखा? कायकू? कमजोर कौन है वो समझ गए सब. मेरेकू देख के सीख जरा."

तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. "हौ उस्ताद," म्हणाला. आणि हसला.

त्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही. चौथी पासला एवढं कुठनं कळणार.

फायनलला समोर अनिकेत आणि रेड्डीसाहेब. माझ्याकडं फुलं, यादगिरीकडं गोळे. शेवटच्या पॉइंटला अनिकेतनं असा मारला की मी डोळेच मिटले. उघडले तर यादगिरीनं नेटवर नुसती रॅकेट आडवी धरली होती आणि चेंडू त्या दोघांच्या मधून जाऊन लायनीवर मेला होता. जिंकलो.

यादगिरी तिथंच मातीत बसला, गुडघे पोटाशी घेऊन.

"उठ," मी म्हणलो, "नाटकां नक्को. लोग देख रहे."

लोक बघत होते, पण त्याच्याकडं नाही. सगळे धावत माझ्याकडं आले. रेड्डीसाहेबांनी मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. तो उठला तेव्हा एकटाच उठला.

त्यानंतर तो कोर्टावर आला नाही. थोड्याच दिवसांत दवाखान्यातल्या खाटेवर. मी बोर्डाचा फोटो काढून नेला होता, रंग ओलाच होता. बराच वेळ त्यानं फोन नाकाशी धरला.

"अब तो बोल," मी म्हणलो. "मेरी ट्रिक से आया ना नाम?"

तो हसायला लागला. हसताना पोटात कळ यायची, तरी हसत होता.

"अरे पागल. सब समझे, बीमार तू है."

"क्या?"

"मुंडन तू कराया. दवाखाने में फाइल ले के तू बैठा. वो पूना वाला सबकू बोल दिया, काका जानेवाले हैं. सब तेरेकू हल्लू मारे. मेरेकू तो पहले हफ्ते में समझ गया था."

माझ्या डोक्यात एकेक करून सगळं पडायला लागलं. खुर्ची. पपई. खिचडी. नळावर तोंड धुणारा अनिकेत.

"फिर मेरेकू कायकू नै बोला?"

"तेरेकू बोलता तो तू रुकता क्या? लाउडस्पीकर लगा के बोलता, मैं अच्छा हूँ, मैं अच्छा हूँ. फिर मेरेकू जोर से कौन मारता?" मग म्हणाला, "और तू खुश था यार. तेरेकू जीतता हुआ पहली बार देखा."

मी खूप मोठ्या आवाजात काहीतरी बोलायला गेलो, पण नर्स आली. बरं झालं.

उन्हाळा लागायच्या आत तो गेला. देवानं केस घेतले, काम केलं नाही. वर असो की खाली, आगाऊ देऊ नये.

स्मशानात सगळा क्लब आला होता. सगळे आधी मला सांभाळायला आले, कुणी पाणी देतंय, कुणी हात धरतंय. मी म्हणलो, "माझा हात सोडा. मला काही झालेलं नाही. झालं होतं ते त्याला, तो बघा तिथं आहे. तुम्ही सगळ्यांनी त्याच्या बरगड्या शेकल्या." अनिकेत तोंडावर हात घेऊन खाली बसला. मी त्याला म्हणलो, "रडू नको. त्याला तेच पाहिजे होतं. मिळालं त्याला. तुझ्यामुळं."

एवढं एकच चांगलं बोललो मी त्या वर्षात.

पुढच्या रविवारी कोर्टावर गेलो. आता सगळ्यांना ठाऊक, काका ठणठणीत आहेत. माझ्या बाजूला रेड्डीसाहेब, समोर अनिकेत आणि एक बँकवाला. मी माझी ट्रिक काढली. उंच, हळू, मधोमध. अनिकेतनं वर बघितलं, पाय जुळवले आणि माझ्या छातीत हाणला. परत टाकला, परत हाणला. सहा-शून्य. माझ्या इतक्या दिवसांच्या शिकवण्याची किंमत मला अर्ध्या तासात मिळाली.

शेवटचा चेंडू मधून आला. मी जागचा हललो नाही. डावीकडं मान वळवली आणि सवयीनं ओरडलो, "यादगिरी, तेरा था वो."

रेड्डीसाहेब चष्मा पुसायला लागले. मी खाली बघितलं.

चेंडूचा मातीतला वण माझ्याच बुटाला लागून होता.