काळे बटण परत डब्यात

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. तिच्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते, म्हणून आज लिहीत आहे.

घराची पुढची खोली हेच तिचे दुकान. यंत्राशेजारी बटणांचा पत्र्याचा डबा असतो. त्यात न पाहता ती हात घालते आणि बटण काढून टाचते. कोटाला लागलेले बटण डब्यात परत येत नाही. तिचा सगळा विचार या एका गोष्टीवर चालत असे.

तिच्या नातीला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरांनी सांगितले होते की हे आईबाप दोघांकडून आले आहे आणि त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारात एक अशी शक्यता आहे. पुढे सुनेला पुन्हा दिवस गेले आणि तिचे अन्नावरून मन उडाले. तेव्हा जावेने रिकाम्या डब्यात तीन पांढरी व एक काळे बटण टाकले, आणि काळे काढून बाजूला ठेवले.

"हे बघ, काळं निघून गेलं. आता हात घाल, पांढरंच येणार. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

सुनेला धीर आला. मात्र हातांच्या भाषेची शिकवणी राहून गेली. "धाकटं बोलायला लागलं की थोरलीला सांभाळून घेईल," असे जाऊ म्हणे. नात बिचारी आमच्या ओठांकडे पाहत राही. काही हवे असले की बाही ओढी, आणि आम्ही भलतीच वस्तू पुढे करीत असू.

एकदा आमच्या प्रौढवर्गाच्या बाई कोट घेऊन आल्या. जावेने त्यांना बटणांचा दाखला मोठ्या ऐटीत ऐकवला. बाई म्हणाल्या, "ताई, ते काळं बटण परत डब्यात टाका."

"लावलेलं बटण उसवून परत टाकू? दुकान बुडवता का माझं?"

"कोटाचं तुमचं बरोबर आहे. एक बटण गेलं की डबा बदलतो, म्हणून पुढचं मागच्यावर अवलंबून. पण लेकरू आईबापांकडून घेतं, तेव्हा त्यांच्याकडचं कमी होतं का? त्यांचा डबा दर खेपेला भरलेलाच. गणितात याला स्वतंत्र घटना म्हणतात."

"म्हणजे मी सुनेला खोटं सांगितलं?"

"मायेनं सांगितलंत, पण चुकलं. आणि पांढरी अजून तीन आहेतच की."

जावेने काळे बटण बराच वेळ तळहातावर धरले, मग डब्यात सोडले. तिने सुनेला हाक मारली. "उद्यापासून शिकवणीला जायचं. जे येईल त्याच्याशी बोलता आलं पाहिजे."

"आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. दोघी मिळून घाबरू. जाऊबाई, तुम्हीही चला, बोटं लाकडाची असली तरी!"

शिकवणीत मी हातांनी केलेली 'सुई' पाहून नात लोळून लोळून हसली. तिला इतके हसताना मी प्रथमच पाहिले.

यथावकाश मुलगा झाला. एका दुपारी डबा टेबलावरून निसटला. केवढा खणखणाट झाला! बाळ हलले नाही. सुनेने सासूकडे पाहिले.

नातीने मात्र पाळण्याच्या कडेवर थाप मारली. बाळाने डोळे उघडताच तिने अंगठा व बोट जुळवून गोल केला आणि छातीवर टेकवला. बटण.

"थोरलीला असं सांगणारं कोणी नव्हतं," जाऊ म्हणाली, आणि सुनेचा हात घट्ट धरून पाळण्याशी बसली. मग तिनेही बाळासमोर तोच गोल केला.