बाबांचा बांध आणि रत्नागिरीची भरती

समुद्राचं पाणी रोज चढतं आणि रोज उतरतं, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती. शाळेत शिकवली असेल. त्या दिवशी मी भात कापायला घरी राहिले असेन. आमचं गाव खर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे पाणी वरून येतं आणि खाली जातं. एकदा खाली गेलेलं पाणी माघारी फिरून माणसाच्या अंगावर येत नाही. समुद्राने असं का वागावं हे समुद्रानेच सांगावं, मी कोणाची माफी मागणार नाही.

झालं असं, की माझे धाकटे दीर विलासभाऊजी नोकरीसाठी रत्नागिरीला गेले आणि दिवाळीनंतर माझी जाऊ स्नेहलही तिकडेच राहायला गेली. त्यांच्या इमारतीत एक पद्धत आहे. बाहेरगावाहून नवीन आलेल्या बिऱ्हाडांना रविवारी सकाळी समुद्रावर न्यायचं. चालायचं, खेळायचं, कोवळ्या उन्हात बसायचं, म्हणजे शहराची सवय होते आणि ओळखी वाढतात. हे सगळं सावंतकाका नावाचे एक निवृत्त गृहस्थ बघतात. स्नेहलचा फोन आला.

"ताई, तुमी पण या ना. माझी इथं कोणाशी ओळख नाय. आपली माणसं सोबत असली की जरा बरं दिसंल."

(उन्हात बसायला बोलावणं! आमच्याकडे उन्हात बसायला कोणाला शिकवावं लागत नाही, उन्हातून उठायला मिळत नाही.) पण पोरीने मायेने बोलावलं, म्हणून आम्ही तिघं निघालो. मी, आमचे हे आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. गेलो आमच्या जीपने. ही जीप म्हणजे आमचं पोट आहे. हे खर्डी स्टेशनवरून पाड्यापाड्यांवर सीटा, म्हणजे भाड्याची माणसं, सोडतात, त्यावर घर चालतं. जीप चार दिवस बसली, की आमची चूलही तिच्याबरोबर बसते.

शनिवारी रात्री स्नेहलकडे मुक्काम केला. सकाळी किनाऱ्यावर पोचलो, तर सगळ्यांच्या गाड्या वर रस्त्याला, सुरूच्या झाडांखाली. तिथून पुढे सगळी जनता पायी. इकडे बाबांचे गुडघे धरलेले आणि माझ्या मांडीवर जेवणाचं पातेलं (गावठी कोंबडा. तांदळाच्या भाकऱ्या वेगळ्या). समोर पाण्याजवळची जमीन मात्र अशी, की आमच्या सारवलेल्या खळ्याला लाज वाटावी. सपाट, घट्ट, टाच मारली तरी उमटत नव्हती.

"अहो, जीप खाली घ्या की," मी म्हटलं.

"तिथं कोणीच लावली नाय गो."

"त्यांना चालवता येत नसंल. तुमी भातसेच्या पात्रातून गाडी काढता ना?"

नवऱ्याला एवढं म्हटलं, की तो गाडी विहिरीतसुद्धा घालेल. जीप उतरली ती थेट पाण्याच्या तोंडाशी जाऊन, वळून, समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. माझं आजही म्हणणं आहे, की जागा चांगलीच होती, वेळ वाईट होती.

सावंतकाका अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिट्टी अडकवून तयारच होते. त्यांनी आम्हा नव्या मंडळींना गोल उभं केलं. "आता सगळ्यांनी मोकळा श्वास घ्यायचा," ते म्हणाले.

"मंग इतका येळ काय कोंडून धरला व्हता?" बाबांनी मला विचारलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. स्नेहल लाल झाली. मी पदराआड हसले.

मग शिंपले बघत लांबवर चालून यायचा कार्यक्रम झाला. बायका तोंडाला पांढरं मलम लावून चालत होत्या. एकीने मलाही विचारलं, "लावता का? ऊन लागत नाही." मी म्हटलं, "मला लागायचं तेवढं लागून झालंय." काका पुढे, आम्ही मागे, आणि आमची जीप एकटी समुद्राशेजारी.

परत आलो तेव्हा जीप आणि समुद्र यांच्यात फारसं अंतर उरलं नव्हतं.

"पाणी वाढलंय गो," हे म्हणाले.

"आभाळात ढग नाय, डोंगरावर पाऊस नाय, वाढंल कुठून? लाट आली असंल एखादी. जाईल."

ती गेली. जाऊन आणखी माणसं घेऊन आली. मागच्या चाकाला पाणी लागलं तेव्हा हे धावले, जीप चालू केली आणि रेस दिली. ज्या जमिनीवर टाच उमटत नव्हती, तिने चाकं अर्ध्यापर्यंत गिळली.

"अहो, भरती आहे!" सावंतकाका ओरडले. "अजून बरीच चढणार! गाडी खाली आणली कोणी?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी समुद्राकडे बघायला लागले.

काकांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, येतो, पण गावातून यायला वेळ लागेल. पाणी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. मला तर डोळ्यांसमोर आमचं अंगण दिसायला लागलं, जीप नसलेलं. तेवढ्यात बाबांनी धोतर खोचलं.

"बांध घाला," ते म्हणाले.

भाताच्या खाचराला आम्ही घालतो, तसा बांध. समुद्राला! जीपमध्ये पावसाळ्यातलं एक फावडं कायम पडलेलं असतं. ते बाबांनी घेतलं, मी पातेलं जीपच्या बाजूला उतरवून त्याचं झाकण घेतलं, विलासभाऊजींनी नुसते हात लावले. आणि बाबा असे काही हुकूम सोडायला लागले, की ती सगळी नवी बिऱ्हाडंसुद्धा कामाला लागली. बँकेतले एक साहेब गुडघ्यावर बसून वाळू थापत होते. मलमवाल्या बाईंनी ओढणी कमरेला बांधली. स्नेहल नव्या ड्रेसवर ओली वाळू घेऊन पळत होती आणि बाबा तिच्यावर खेकसत होते, "कोरडी नको गो, वली आन! लाथेनं दाब!" ओळखी वाढवायचा कार्यक्रम म्हणाल तर तो तेव्हा झाला.

जीपच्या चारी बाजूंनी बांध उभा राहिला, चांगला मांडीएवढा. पाणी आलं, बांधाला धडकलं आणि वळसा घालून पुढे गेलं. आत नुसता पाझर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा कमरेवर हात ठेवून समुद्राकडे असे बघत होते, की आता तहसीलदाराकडे जायचं तर जा.

ट्रॅक्टर आला. दोर बांधला, ओढलं. जीप खड्ड्यातून निघाली, पुढे सरकली आणि आमच्याच बांधाला थटून उभी राहिली. आम्ही तिला वाटच ठेवली नव्हती! पुन्हा ओढलं, तर पुढची चाकं वर आणि पोट बांधावर.

"आजोबा, पुढचा बांध फोडा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"बांधाला हात लावायचा नाय," बाबा म्हणाले.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. बाबांचं अर्धं आयुष्य शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून भांडण्यात गेलेलं. आमच्याकडे माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, पण बांध फोडणारा म्हटलं की दोन पिढ्या बोलणं बंद. आणि घातलेला बांध ज्याने घातला त्याच्या हुकमाशिवाय कोणी फोडत नाही, मग तो वाळूचा का असेना.

"बाबा, गाडी जाईल!" हे म्हणाले.

"बांध धरतोय ना? मंग पानी उतरंपर्यंत बसा गप."

"आजोबा, अजून चढायचंय पाणी," सावंतकाका काकुळतीला आले.

"चढू दे. येऊ दे त्याला."

पाणी बांधाच्या माथ्याला चाटायला लागलं. हे बापासमोर पुढे होईनात. (घरात माझ्यावर आवाज चढवतात, तो कुठे गेला होता देव जाणे.) विलासभाऊजी शिंपले बघत होते. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आता फोडत असाल तर फोडा, नाहीतर मी चाललो. मी ते फावडं उचललं.

"थोरले, ठेव ते," बाबा म्हणाले.

"नाय ठेवत. बांध परत घालता येईल, जीप कुठून आणायची?"

आणि घातला घाव. सासऱ्याच्या देखत, इमारतीच्या देखत, समुद्राच्या देखत. पाणी भसकन आत आलं, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि जीप वर, कोरड्यात. कोंबडा मात्र पातेल्यासकट समुद्राला गेला. स्नेहलने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. तिचं आता बरं चाललंय, तिथली माणसं तिला अख्खा दिवस एकटं सोडत नाहीत. म्हणजे बोलावणं फुकट गेलं नाही.

जीप खाली लावली ते बरोबर, आणि बांध फोडला तेही बरोबर. एवढं मी येताना वाटभर सांगितलं. बाबा खिडकीतून दुसऱ्यांचे बांध बघत होते. शेवटी मुरबाडला चहाला थांबलो. टपरीवाल्याने जीपकडे बघून विचारलं, "आजोबा, गाडीवर एवढं मीठ कसलं?"

बाबांनी सावकाश बशीत चहा ओतला.

"समुद्र आला व्हता अंगावर. बांध घातला. तसूभर हलला नाय."

"मग?"

"मंग सुनेनं फोडला."

टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मीही मान वर करूनच बघितलं, मला कसली लाज? बाबांच्या चहाचे त्याने पैसे घेतले नाहीत. माझ्या चहाचे घेतले.