नणंदेची मायक्रोबायलॉजी

देवानं माणसाला डोळे दिले ते समोरचं बघायला, पर माझ्या नणंदेला दिले ते समोरचं सोडून बाकी सगळं बघायला, असं माझं पक्कं मत हाय. दारातली भरलेली बादली तिला दिसत नाय, ती त्यात पाय घालूनच घरात येती. गॅसवर उतू चाललेलं दूध दिसत नाय, ती त्याच्या म्होरं उभी असती आन दूध तिच्या देखत ओट्यावरून खाली येतं. पर त्याच दुधात जे तुम्हाला मला कुणालाच दिसत नाय ते तिला दिसतं, आन नुसतं दिसत नाय, त्यांचं बरं चाललंय का नाय ते बी कळतं. मी लग्न होऊन या घरात आले तवा ही शाळेत होती. खिडकीत बसून बोटावर पाण्याचा एक थेंब घेतलेला, तो उन्हात धरलेला, आन तोंड उघडं. मला वाटलं पोरगी आजारी हाय. मी ह्यांना हळूच विचारलं, तुमच्या बहिणीला काय होतंय का? हे म्हनले, "काय नाय, ती तशीच हाय. जेवायला हाक मार, लगेच बरी होती."

आता मी पडले भित्री. सिलेंडर बदलायची भीती, रस्ता वलांडायची भीती, कुरियरवाल्यानं बेल वाजवली तर मी मोरीत जाऊन उभी राहते. लेकरू झाल्यावर तर माझ्या भीतीलाच लेकरू झालं म्हणा, ती घरभर रांगायला लागली. आठवीत शाळा सुटलेली बाई मी, मला शाळंतलं एवढंच ध्यानात राहिलं की जंतू असतेत आन ते वाईट असतेत. आन ही माझी नणंद, लेकराला मांडीवर घेऊन, त्याच्या पोटाला कान लावून मला सांगती, "वैनी, याच्या पोटात आत्ता गाव वसायलंय." मी रडायलाच लागले. "अगं चांगलं गाव हाय. दूध पचवणाऱ्यांचं. रडायलीस कशाला, तूच तर धाडलंय, तुझ्या दुधातून." मी डोळे पुसले आन विचारलं, मग त्यांना परत बोलावता येत नाय का? तर ती इतकी हसली की लेकरू बी हसलं, आन मग मला बी हसावं लागलं, पर रात्रभर मी लेकराच्या पोटावर हात ठेवूनच झोपले, गावाला धक्का नको म्हणून.

तिच्या सवयी सांगायला बसले तर लेकरू मोठं होईल. शिळ्या भाकरीला बुरशी आली की आपण काय करतो, फेकून देतो. ही ती भाकरी ताटलीत ठेवती, वर वाटी झाकती, आन रोज सकाळी वाटी उचलून बघती, जशी बाई पाळण्यात बघती. एकदा मी ताटली धुवायला घेतली तर ही धावत आली, "वैनी, थांब, बाग फुलायली." मी बघितलं, खरंच, पांढरे बारीक केस आन त्यांच्या शेंड्याला काळे काळे मणी, जोंधळ्याचं रान कुणी लई उंचावरून बघावं तसं. मला सुंदर वाटलं, आन सुंदर वाटलं म्हणून भीती वाटली. फ्रिजात तर भाजीला जागाच नाय, सगळ्या वाट्या हिच्या. ज्याच्या त्याच्या घरून विरजण मागून आणायची, आन एकाच दुधाचं वेगवेगळ्या वाट्यांत दही लावायची. ही शेजारच्या काकूंची वाटी, ही खालच्या भाभींची, ही शहागंजातल्या मावशीची. चमच्यानं चाटायची आन डोळे मिटून सांगायची, "काकूंचं दही रागीट हाय. भाभींचं समजूतदार." एका दुपारी आमचे हे ड्युटीवरून भुकेले आले आन एक वाटी खिचडीवर उपडी केली. ही आली, रिकामी वाटी बघितली, आन खाली बसली. "दादा, तू शहागंज खाल्लंस." ह्यांचा घास तोंडातच राहिला. त्या दिवसापासून हे दही खायच्या आधी विचारतेत, हे कुणाचं हाय?

वेरूळला आम्ही सगळे लेणी बघायला गेलो होतो. माणसं हत्ती बघायली, देव बघायली, फोटो काढायली. ही एका कोपऱ्यात, दगडावर जिथं वल धरून हिरवं काळं आलंय, तिथं नाक टेकवून उभी. रखवालदारानं शिट्टी मारली, म्हनला, "ओ ताई, लेण्याला हात लावू नका." ही मागं न बघताच म्हनली, "हात नाय लावला, नाक लावलंय." तो बिचारा डोकं खाजवीत उभा राहिला, त्याला नाकाचा नियम कुणी सांगितला नव्हता. येताना बसमधी मी विचारलं, एवढे देव सोडून भिंतीवर काय बघायलीस? ती म्हनली, "वैनी, देव घडवून माणसं कवाच गेली. हे अजून राहायलेत तिथं." आन मग वेरूळपासून घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आन मी तिच्याकडं.

बारावीत असताना तिच्या मॅडमनी सांगितलं, घरचं पाणी आणा, बारीक मोठं दिसायच्या मशिनीखाली बघू. आमच्या गल्लीत नळाला पाणी कवा येईल ते देवालाच ठावं, म्हणून ड्रम भरून ठेवलेला असतो, त्यातलं तिनं बाटलीत नेलं. परत आली. जेवली नाय, चप्पल नाय काढली. संध्याकाळी दिवा लावताना माझ्या शेजारी येऊन बसली आन म्हनली, "वैनी, ते फिरायलेत. कुणी सांगितलं नाय कुठं जायचं, तरी फिरायलेत. एक तर माझ्याकडं आल्यावानी आला आन वळून गेला." तिच्या डोळ्यात पाणी होतं. मला त्या ड्रमातलं पाणी पिववंना, मग तिनंच उकळून गाळून दिलं, आन पेला माझ्या हातात देताना पाण्याकडं बघून म्हनली, "माफ करा रे बाबांनो." अशी माझी नणंद. मला वाचवायची आन त्यांची माफी मागायची.

बारावीचा निकाल लागला आन घरात प्रश्न आला, आता पुढं काय. हिचं उत्तर तयार, बीएस्सी मायक्रोबायलॉजी, मग टेकडीखालच्या विद्यापीठात एमएस्सी. हे म्हनले, "शिकून करायचं काय? त्याच्या जागा निघतेत का?" मग ही जागा शोधायला लागली. दूधवाल्याला विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं, रक्त तपासायच्या लॅबीत जाऊन, सुई टोचून घेऊन, मग विचारलं. आन जे ऐकून यायची ते त्या दिवशी होऊन जायची. एका दिवशी वाळूजच्या औषधाच्या कंपनीत डोक्याला पांढरी टोपी घालून, सगळं स्वच्छ हाय का बघत फिरायली, आमच्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी डेअरीत. तिसऱ्या दिवशी शहराच्या पाण्याची तपासणी, त्या दिवशी तिनं ड्रमाला पास केलं नाय. बियरच्या कंपनीत बी हे शिकलेल्यांना घेतेत असं कळलं तवा हे आपल्या बापाच्या धाकानं म्हनले, "ते आबांना सांगू नको. गळ्यात माळ हाय त्यांच्या." ही म्हनली, "दादा, बियर बी काकूंच्या दह्यासारखीच. त्यांचंच काम." हे म्हनले, "ते तर अजिबात सांगू नको."

पर गल्लीच्या टोकाला एक ताई राहती, हेच मायक्रोबायलॉजी शिकून आता कंपनीच्या लॅबीत लागलेली. तिच्याकडं आम्ही दोघी गेलो. तिनं चहा दिला आन खरं सांगितलं. म्हनली, "नुसत्या बीएस्सीवर कुणी पायघड्या घालत नाय. ठेकेदाराकडून लागावं लागतं, पगार बारीक, कवा कवा रातपाळी. एमएस्सी केलीस, नायतर लॅबीचा डिप्लोमा केलास, तर मग जरा माणसात येशील. वर्षं जातेत. घरचे थांबतेत का बघ." माझ्या नणंदेनं सगळं ऐकून घेतलं आन विचारलं, "आन मशिनीखाली रोज बघायला भेटतं का?" त्या ताईनं हिच्याकडं नीट बघितलं. मग म्हनली, "व्हय. ते रोज भेटतं." बास, हिला दुसरं काय ऐकूच आलं नाय.

ह्यांनी दुसराच रस्ता काढला. म्हनले, बाहेरून बीए कर. घरी बसून अभ्यास, वैनीला हात, लेकराला सोबत, आन पोलीस भरती निघाली की बघू. वाईट नव्हते म्हनत ते. त्यांची ड्युटी लांब, सकाळी जातेत ते दिवस मावळल्यावर येतेत. ही घरात असली की मला रस्ता रस्त्यावानी दिसतो, सिलेंडर सिलेंडरवानी दिसतो. बेल वाजली की ही जाती. लेकराला ताप आला तर हिचा हात त्याच्या कपाळावर आधी, माझा मागून. ही रोज सकाळी निघून गेली तर त्या घरात राहणार कोण, मी आन माझी भीती. ही गोष्ट मी कुणाला बोलले नाय, पर हे बीए म्हनले तवा माझ्या छातीतला गोळा खाली बसला, हे खरं हाय.

प्रवेशाचा शेवटचा दिवस जवळ आला तसे आबा, म्हणजे माझे सासरे, अजिंठ्याकडच्या गावावरून आले. सासूबाई शेळ्यांपाशी थांबल्या. आबांनी चहा घेतला, घोंगडीवर बसले, आन लेकीला म्हनले, "काय शिकायचं म्हनतीस?"

"आबा, डोळ्याला दिसत नाय इतके बारीक जीव असतेत, त्यांचं."

"दिसत नायत तर राखायचे कसे?"

"राखायचे नायत आबा. ओळखायचे."

आबांनी खालची घोंगडी सारखी केली. मग म्हनले, "मागं आपल्या मेंढरांत रोग आला, सकाळी उठून बघावं तर मेंढरं आडवी. ते तुला कळलं असतं का?"

मला वाटलं आता ही व्हय म्हनंल आन काम होईल. पर ही वेडी खोटं बोलायची नाय. "ठावं नाय आबा. कळलं असतं का नाय ते सांगू शकत नाय. पर कोन मारायलंय ते बघता तरी आलं असतं."

हे मधी बोलले, "आबा, नोकरीचा भरवसा नाय त्यात. बीए करू द्या. घरी बी हिची गरज हाय."

आबांनी ह्यांच्याकडं बघितलं नाय. माझ्याकडं बघितलं. माझ्या सासरच्या माणसांत एक जुनी रीत हाय. मेंढरं घेऊन चालायची तवा मुक्काम हलवायचा का नाय यावर बापे माणसं बोलत बसायची, चारा कुठं, पाणी कुठं, सगळं बोलून व्हायचं, पर शेवटाला तान्ह्या लेकराच्या मायला विचारायचं. कामून, तर वाट लांब निघाली की सगळ्यांत आधी तिचे पाय भरणार. ती नाय म्हनली की कळप थांबला. ती निघा म्हनली की मगच घोड्यावर बिऱ्हाड चढायचं. आता घोडं नाय, कळप नाय, पर आबा तेच हायत.

"सूनबाई," आबा म्हनले, "तान्हं तुझ्या काखंत हाय. तू सांग. निघायचं का थांबायचं?"

मला आजवर कुणी काय विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हे बी मीच विचारते. लेकरू माझा पदर चघळायलं, हे माझ्याकडं बघायलेत, आन ती, माझी नणंद, ती माझ्याकडं बघतच नव्हती. खाली फरशीकडं बघायली, म्हणजे माझ्यावर भार नको म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं असतं, जरा हात जोडले असते, तर मला राग तरी आला असता. माझ्या डोळ्यापुढून बंद दार गेलं, बेल गेली, तापलेलं कपाळ गेलं.

मी म्हनलं, "निघू द्या तिला."

आवाज इतका बारीक निघाला की आबांनी कानामागं हात धरला. मग मला परत म्हनावं लागलं, आन दुसऱ्यांदा म्हनायला लई जड गेलं.

हे म्हनले, "अगं, तुला एकटीला जमंल का?" आबा म्हनले, "तिनं सांगितलं ना. आता बोलायचं नाय." आन उठून पाय मोकळे करायला गेले. माझी नणंद तशीच बसली होती. मग हळूच सरकून माझ्या खांद्याला डोकं टेकवलं तिनं. लेकरानं दोघींचे केस एका मुठीत धरले.

आता तिचं कॉलेज सुरू झालं. तिला लॅबीत घालायला पांढरा कोट लागत होता, तो मी जाऊन आणला, शहागंजातून, लेकराला कडेवर घेऊन, एकटी. रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तर मी दुकानदाराच्या गादीवर चढले, पर आणला. लांब बाह्यांचा भेटला, ती घालून उभी राहिली तर हात दिसंनात. म्हनली, "राहू दे वैनी, वाढीन मी यात."

सकाळी ती जाती आन घर गप होतं. बेल वाजली की मी मोरीपर्यंत जाते, मग परत येते, दार उघडते. कवा गॅसबिल असतं, कवा कुणी नसतं. लेकरू जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडं रांगतं, दुसऱ्याचं निघालं की माझ्याकडं वळून बघतं, जसं मीच काहीतरी लपवलंय. संध्याकाळी ती येती. कोटाला दवाखान्यावानी वास असतो. आता ती आधीसारखी लई बोलत नाय. तिच्या तोंडात असे शब्द असतेत जे मला घेता येत नायत, ती ते माझ्यासाठी सोपे करायला लागती आन मधीच थकती. मला त्याचं वाईट वाटत नाय. म्हणजे वाटतं, पर तसं नाय.

काल ती आली आन पायरीवरच बसली. मी विचारलं, आज काय बघितलं? ती म्हनली, "थांब वैनी, सांगते." आन समोर बघत राहिली. समोर भाभींची वाळत घातलेली चादर होती, दुसरं काय नव्हतं. मी लेकराला घेऊन तिच्या शेजारी बसले. अंग घरी आलं होतं तिचं, ती अजून वाटंवरच होती. मी काय घाई केली नाय.