अंगठा सुटत नाही

मास्तरांनी मला फसवलं, आणि माझी बायको त्यांना सामील होती. ती आता नाही. म्हणून जाब एकट्या मास्तरांकडे मागतो आहे.

मी बैलांचा व्यापारी. वडवणीच्या बाजारात रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा कळवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. तीस वर्षं हेच केलं, त्यावरच घर उभं केलं. एकदा धरलेला हात सौदा ठरल्याशिवाय मी सोडत नाही.

बायकोचं दुखणं वाढलं तेव्हा एकदा ती म्हणाली, लहानपणी जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन ऐकलं होतं. रडू आवरून बोलणाऱ्या माणसासारखा त्याचा सूर हलायचा. तसं पुन्हा कधी ऐकलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी व्हायोलिन आणलं आणि ते शिकवणारे बीडचे मास्तर गाठले.

सरळ सूर जमायला लागले. सूर हलवणं, ज्याला मास्तर व्हायब्रेटो म्हणतात, तिथं गाडी अडली. बोट तारेवरून उचलायचं नाही, मनगटातून सावकाश मागे-पुढे डोलवायचं. अंगठा नुसता टेकलेला हवा. मास्तरांनी रिकाम्या काडीपेटीत ज्वारीचे चार दाणे घातले आणि ती माझ्या डाव्या हातात दिली.

"हलवा शेठ. एकसारखा आवाज आला पायजे."

"किती दिवस?"

"वर्ष तरी लागंल."

"वर्ष कशाला? चार महिने धरा."

"बरं. चार."

बाजारात पहिल्याच बोलीला कुणी हो म्हटलं तर मी जनावराचे दात पुन्हा तपासतो. मास्तरांचे तपासले नाहीत.

चार महिन्यांनी ते तिला बघायला घरी आले. मी तिच्या खाटेजवळ बसून वाजवलं आणि चहा आणायला आत गेलो. परत आलो तर मास्तर म्हणाले, "शेठ, बसला तुमचा कंप."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिला वाजवून दाखवायचो. ती डोळे मिटायची. "छान," म्हणायची. कधीकधी भिंतीकडे तोंड करायची. मला वाटायचं, सूर तिच्यापर्यंत पोचला.

दिवाळीनंतर ती गेली. तिचे फोटो बघावेत म्हणून एकदा तिचा मोबाइल उघडला, तर त्यात मास्तर आले होते त्या दिवशीचं माझं वाजवणं तिनं रेकॉर्ड करून ठेवलेलं सापडलं. सूर हलत नव्हता. गळ्याला दोरी आवळलेलं करडू ओरडावं तसा चिरकत होता. मग माझी पावलं आत गेली. पुढे तिचा आवाज.

"मास्तर, चांगलं झालंय म्हणा त्यांना."

"वहिनी, हात लई आवळलेला हाय. अंगठाच सुटत न्हाई."

"न्हाईच सुटायचा. माझा हात धरतेत तवा बी असंच. खरं सांगितलं तर चिडून सोडून देतेल. म्हणा तेवढं."

"बरं."

पुन्हा तेच बरं.

मी बीडला गेलो आणि मास्तरांच्या दारात उभं राहून गल्ली ऐकेल असा ओरडलो. ते मान खाली घालून म्हणाले, "वहिनीचा शब्द मोडवला न्हाई."

हे उत्तर नाही.

आता मी रोज काडीपेटी हलवतो. दाणे एका लयीत वाजायला लागलेत. मागच्या आठवड्यात व्हायोलिन धरलं, तेव्हा अंगठा पहिल्यांदा सैल पडला आणि एक सूर, एकच, नीट हलला. मी खाटेकडे बघितलं. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली आहे.

मास्तर, खरं ऐकून मी चिडलो असतो. व्हायोलिन आपटलंही असतं. पण दुसऱ्या दिवशी उचललं असतं. तो एक सूर तिच्या कानावर पडण्याइतके दिवस तिच्याजवळ होते. तुमच्या त्या ‘बरं’मुळे ते सगळे दिवस तिनं करडाचं ओरडणं सोसलं. ती भिंतीकडे वळायची ते काय लपवायला? तुमचा कान तयार आहे, तुम्ही त्या दिवशी तिच्याजवळ बसला होतात. तिला विचारता येत नाही. तुम्ही सांगा.